‘सौभद्रा’तला संन्यासी खरा की सोंगाडा?

प्रश्न (अंबाजोगाई): आमच्या हौशी मंडळात यंदा अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ (१८८२) बसवत असून अर्जुनाचे काम माझ्याकडे आले आहे. सुभद्रा दुर्योधनाला देणार हे कळल्यावर तो त्रिदंडी संन्यासी होतो, तो भाग तालमीत काही केल्या जमत नाही. छाटी अंगावर घेतली की मी एक तर वैराग्याचा आव आणतो, नाही तर प्रेक्षकांकडे पाहून मिश्कील हसतो. सुखान्त नाटकात जगापासून दूर झालेला माणूस स्वतःला सापडतो, की ते दूर होणेच मुळी सोंग असते?

प्रतिसाद (परभणी): सोंगच, पण त्याला कोणीतरी भुलावे लागते. बलरामाने यतीवर विश्वास टाकून सुभद्रेला सेवेस धाडले नसते, तर तो संन्यास रानातच वाळून गेला असता. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली ऑलिव्हिया भावाच्या शोकात सात वर्षे तोंड झाकून राहण्याचे ठरवते आणि पहिल्याच अंकात, स्वतःच वेष पालटून आलेल्या एका निरोप्यासमोर, चित्रावरचा पडदा सारावा तसा चेहऱ्यावरचा पडदा बाजूला करते.

प्रतिसाद (नांदेड): सरांचे म्हणणे निमूटपणे मान्य करवत नाही, कारण प्राचीन ग्रीक नाटककार मिनँडरच्या ‘डिस्कोलोस’ या सुखान्तिकेतला क्नेमोन सोंग घेत नाही, त्याला माणसे खरोखरच नकोत. त्याची म्हातारी दासी विहिरीत बादली पाडते, ती काढायला कुजक्या दोराला कुदळ बांधून सोडते आणि तीही घालवते. आपल्याकडे आडात पडलेली बादली काढायला शेजाऱ्याचा गळ मागून आणतात. हा गृहस्थ मात्र कोणाकडे काही मागायचे नाही म्हणून स्वतःच उतरतो आणि आत पडतो. ज्याला आयुष्यभर दूर ठेवले तो सावत्र मुलगाच त्याला वर काढतो, तेव्हा एकट्याने भागत नाही हे तो कबूल करतो. पण स्वभाव पालटत नाही, मला माझ्या मनासारखे जगू द्या, असेच म्हणतो. शेवटी आचारी आणि गुलाम त्याला छळून छळून जेवणावळीत नाचायला नेतात, हे मला तरी क्रूर वाटते.

प्रतिसाद (परभणी): क्नेमोनपुरते मान्य. मात्र अर्जुनाचे काम करणाऱ्यांनी चेहऱ्याचा नाद सोडून हाताकडे पाहावे. विराटपर्वात बृहन्नडा होताना प्रत्यंचेचे घट्टे लपवणे अवघड, म्हणून तो ते बांगड्यांनी झाकतो. संन्याशाला बांगड्या कुठल्या? सुभद्रा पूजेचे ताट घेऊन जवळ आली की हात छाटीखाली ओढून घ्यावा.

प्रश्नकर्ता: आज रात्रीच्या तालमीत करून पाहतो. त्रिदंड डाव्या हाती धरावा म्हणतो, म्हणजे एकच हात लपवावा लागेल. पण हा तर सव्यसाची, घट्टे दोन्ही हातांना असणार.