प्रतिसाद: बर्फ वाढवून प्रश्न सुटत नाही
वर कुणीतरी लिहिलंय की जुन्या अमेरिकी फळगाड्यांत (फळं नेणाऱ्या, बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वे डब्यांत) बर्फ जास्त भरला असता तर वरची फळं खराब झाली नसती. मला हे पटत नाही. बर्फाचे कप्पे डब्याच्या दोन्ही टोकांना असत. थंड हवा जड, ती डब्याच्या तळावरच्या लाकडी जाळीखालून पसरे. मधल्या भागातल्या वरच्या पेट्यांपर्यंत ती पोचेपर्यंत गरम झालेली असे. शिवाय फळं श्वसन करतात, त्यांची स्वतःची उष्णता वेगळीच! खरी अडचण हवा फिरण्याची होती. म्हणून पुढे चाकांच्या गतीवर चालणारे पंखे बसवले. अर्थात गाडी उभी राहिली की पंखेही थांबत. पेट्यांमध्ये फटी ठेवणं आणि फळं आधीच थंड करून भरणं म्हणूनच फार मोलाचं होतं.