मदत हवी आहे: ब्लू-आइज मांडला की ट्रॅप होलमध्ये जातो, काय करता येईल?

नमस्कार. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. प्रश्न यू-गि-ओह या पत्त्यांच्या खेळाचा आहे, पण घरात त्यावरून एक पोर कालपासून गप्प आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

मुलगा ११ वर्षांचा. खाऊचे पैसे साठवून त्याने त्यातलं ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन हे कार्ड घेतलं. लेव्हल ८, अटॅक ३०००, डिफेन्स २५००. एकच आहे, ते उशाशी घेऊन झोपतो.

सुट्टीला नागपूरहून त्याचा आतेभाऊ आलाय, वयाने मोठा, खेळात मुरलेला. काल मुलाने मोठ्या मुश्किलीने दोन मॉन्स्टर टिकवले, दोघांचा ट्रिब्यूट, म्हणजे बळी, देऊन ड्रॅगन मांडला. समोरून लगेच ट्रॅप होल हे सापळ्याचं कार्ड उघडलं. ड्रॅगन ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात. पुढच्या पाळीत आतेभावाने मॉन्स्टर रिबॉर्न हे कार्ड टाकून तोच ड्रॅगन स्वतःच्या बाजूला उभा केला आणि त्याच्याकडूनच हल्ला करवला. मुलगा रडला असता तर समजूत काढली असती. तो उठून गेला आणि जेवलाही नाही.

ट्रिब्यूट दिलेले दोन मॉन्स्टरही परत मिळत नाहीत, हे खरं का? आणि दुसऱ्याचा ड्रॅगन असा ओढून घेता येतो? भाचा खोटं खेळणारा नाही, पण मला नियम माहीत नाहीत आणि मुलाला नुसतं 'जाऊ दे' म्हणायचं नाहीये.

प्रतिसाद १
ताई, भाचा नियमानेच खेळला. ट्रिब्यूट ही ड्रॅगन मांडण्याची किंमत, ती परत येत नाही. मॉन्स्टर रिबॉर्न कोणाच्याही ग्रेव्हयार्डातून उचलतं.

पण ट्रॅप होल नीट वाचा. ते फक्त नॉर्मल समन (हातातला मॉन्स्टर नेहमीसारखा मांडणं) किंवा फ्लिप समन (पालथा ठेवलेला उलटणं) यावर चालतं, तेही मॉन्स्टरचा अटॅक १००० किंवा जास्त असेल तरच. ट्रिब्यूट समन हाही नॉर्मल समनच, म्हणून ड्रॅगन सापडला. त्याला स्पेशल समनने, म्हणजे दुसऱ्या कार्डाच्या जोरावर, आणा. त्यासाठी काइबामॅन हे कार्ड आहे: अटॅक अवघा २००, म्हणजे ट्रॅप होल त्याला शिवूच शकत नाही. तो मांडायचा, मग त्याचाच ट्रिब्यूट देऊन हातातला ब्लू-आइज स्पेशल समन करायचा. दोन मॉन्स्टर जमवत बसायला नको. कोणी काइझर सी हॉर्स सुचवेल, ब्लू-आइजसारख्या प्रकाश गटातल्या मॉन्स्टरसाठी तो एकटा दोन ट्रिब्यूटच्या जागी चालतो. पण त्याचा अटॅक १७००, तो स्वतःच खड्ड्यात जाईल. तुमच्या घरच्या डावात काइबामॅनच बरा.

धागाकर्ती
मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवलं, त्याने दोनदा वाचायला लावलं. भाचा शेजारीच होता. तो उठला, स्वतःच्या डब्यातून काइबामॅन काढला आणि न बोलता याच्या डेकवर ठेवला. आता दोघं मिळून ४० पत्ते लावतायत. मुलगा विचारतोय, असा आणलेला ड्रॅगन त्याच पाळीत हल्ला करू शकतो का?

प्रतिसाद १
हो, करू शकतो. फक्त डाव सुरू करणाऱ्याला त्याच्या पहिल्या पाळीत हल्ला नसतो, तेव्हा त्याला म्हणावं, पहिली पाळी भावाला दे.