प्रतिसाद: बुद्धिबळातली सिमेट्रिकल इंग्लिश (सी४ ला सी५ अशी सुरुवात) खरंच ‘झोपाळू’ आहे का?

वर कुणीतरी लिहिलंय की सी४ ला (म्हणजे सी-पट्टीतल्या चौथ्या घरात प्यादं ढकललं की) सी५ खेळून काळ्याने नुसती नक्कल करत राहिलं की बरोबरी खिशात. मीही एका स्पर्धेत काळी मोहरी घेऊन हेच डोक्यात धरून बसलो होतो.

दोन्हीकडचे घोडे सी-पट्टीत, दोन्ही उंट जी२ आणि जी७ वर. मग ए३ ला ए६, हत्ती बी१ ला हत्ती बी८, बी४, मारामारी, बी५, पुन्हा मारामारी. घोडा एफ३ ला मी डी५, डी४ ला घोडा एफ६. ११ खेळ्या झाल्या तेव्हा पट अगदी आरशात बघितल्यासारखा! फक्त खेळी पांढऱ्याची होती, आणि सगळी गोम तिथेच.

१२वी खेळी उंट एफ४. थेट बी८ च्या हत्तीवर. इथे हत्ती बी६ वर न्यायचा असतो, म्हणजे बी५ चं प्यादंही राखलं जातं. मी घाईत ए८ वर नेला. घोड्याने बी५ चं प्यादं खाल्लं, वर सी७ वरून राजा आणि हत्ती दोघांवर एकदम उडी मारायची धमकी (सी७ ला त्याच उंटाचा आधार, वजिराने घोडा मारायची सोय नाही). निमूट कॅसलिंग (राजा हत्तीच्या आड नेणं) केलं, एक प्यादं कमी. पुढे अडवायला कुणी नाही म्हटल्यावर त्याचं बी४ चं प्यादं सुटलं ते सुटलंच. ४० खेळ्यांच्या आसपास मी राजीनामा दिला.

नक्कल करायचीच तर एवढ्या लांबपर्यंत नको. चौथ्या-पाचव्या खेळीलाच ई६ आणि घोडा ई७, किंवा सरळ ई५ खेळून वेगळं व्हावं. मी आता ई६ वालाच.