आमच्या बाई गेल्या. गाव कमान बांधायची म्हणतंय. तुमच्याकडं काय केलं?

डोंगरपट्टा:
बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवरची आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, चौथीपर्यंत. तिथल्या आमच्या बाई श्रावणात गेल्या. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पैसे जमतायत आणि सगळ्यांचा कल कमानीकडं आहे. वर बाईंचं नाव, खाली देणगीदारांची नावं (ती अर्थातच ठळक). मला हे पटत नाही, पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, दुसरं काहीतरी सुचवावं लागतं. म्हणून विचारतोय.

बाई कशा होत्या ते आधी सांगतो.

आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. सगळे ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, ती फेडायला कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटक. परत यायचं ते पाडव्याच्या मागंपुढं. लेकरं सोबत जायची आणि शाळा तिथंच सुटायची. मी शिकत होतो ते नव्वदच्या आसपास. तेव्हा शाळेत ना भात मिळायचा, ना मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह होतं. बाई भाद्रपदातच घरोघर फिरायला लागायच्या. आईबापाशी फार बोलायच्या नाहीत, गाठायच्या ते म्हातारीला. "मावशी, पोरगं तुमच्यापाशी राहिलं तर दोन भाकरी जास्त लागतील, एवढंच ना? जवारीचं मी बघते." आणि बघायच्या. आमच्या घरी पायली पोचवलेली मला आठवतेय.

तिसरीला पत्रलेखन होतं. आम्ही खरी पत्रं लिहायचो. पंधरा पैशांची कार्डं बाई आणायच्या. पत्ता म्हणजे मुकादमाचं नाव, साखर कारखाना, त्याचं त्या भागातलं गट ऑफिस. 'शेळी व्याली. दोन करडं झाली. आजीचा खोकला कमी आहे. मला तेराचा पाढा येतो.' आईबापाला वाचता येत नव्हतं, तिथला स्लिपबॉय (कारखान्याचा उसाच्या चिठ्ठ्या लिहिणारा पोरगा) वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा. काय वळणदार अक्षर होतं! लय दिवस मी ते बापाचंच समजून पाटीवर गिरवत होतो.

गणितंही तसलीच. जोडीनं दिवसाला दीड टन ऊस तोडला, टनाला अमुक दर, खाडे इतके, तर उचल किती फिटली? चौथीतली पोरं तोंडी सांगायची. पाडव्याला माणसं परतली की मुकादमाच्या हिशेबाची चिठ्ठी घेऊन थेट बाईंच्या ओसरीवर. एका मुकादमानं त्यांच्या बदलीसाठी खटपट केली होती म्हणतात.

आदर्श शिक्षक पुरस्कार त्यांना नाही मिळाला. त्याचा प्रस्ताव आपला आपणच भरायचा असतो. बाईंनी कधी भरला नाही.

तर सांगा, अशा बाईंसाठी काय करावं?

निवृत्त मास्तर:
कमानीला ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती, दोघांचा ठराव लागेल. मिळेलही, त्यात अवघड काही नाही. दुसरा नेहमीचा मार्ग म्हणजे बँकेत ठेव आणि व्याजातून पहिल्या नंबरला बक्षीस. माझ्या शाळेत अशी एक जुनी ठेव होती. शेवटी शेवटी तिच्या वर्षाच्या व्याजात एक कंपासपेटी येत नव्हती. त्या वाटेला जाऊ नका.

आता स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं. हंगामी वसतिगृहंही आहेत. पण वसतिगृहाचं अनुदान वेळेवर येईलच असं नाही, आणि पोरं दिवाळीपासूनच जेवायला असतात. पहिल्या दोन महिन्यांचा किराणा तुम्ही उचललात तर मुख्याध्यापकाला दुकानदाराकडं उधारी करावी लागणार नाही. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगतो.

वाढ्याची पेंढी:
तू कोण ते कळलं नाही, पण पोस्टकार्डांवरून शाळा ओळखली. मी तुझ्या मागंपुढं दोन वर्षं असेन.

एक गोष्ट तू सोडलीस. आजीपाशी राहायचे ते पोरगे. मला नेलं, कारण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी पाहिजे होतं. बाईंनी माझ्या आईशी भांडणच केलं. हरल्या. मग जायच्या दिवशी ट्रकपाशी आल्या, बालभारतीचं पुस्तक पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या खाली घातलं आणि मला म्हणाल्या, "दर पंधरा दिवसांनी पत्र टाकीन. उत्तर स्वतः लिहायचं, दुसऱ्याचं अक्षर मला कळतं."

माझ्या कार्डातल्या चुका त्या लाल शाईनं दुरुस्त करायच्या आणि तेच शब्द पुढच्या कार्डात परत वापरायच्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी असताना लिंबाखाली आम्हा परतलेल्यांना बसवायच्या. मारायच्याही बरं का, उगं देवी करू नका त्यांची. मी आज नर्स आहे. कार्डं माझ्याकडं आहेत.

किराण्याला माझे पैसे धरा, पण एक अट. त्या वसतिगृहात पोरी किती राहतात ते आधी मोजा.

पंचगंगा:
शिरोळ तालुक्यातून लिहितोय. वडील गट ऑफिसात होते. टोळ्यांची पत्रं खरंच यायची. वडील सायकलवरून फडात नेऊन द्यायचे, तिथंच बांधावर वाचन व्हायचं. बायका कोयता खाली ठेवून ऐकायच्या आणि करडं किती झाली ते दोनदा विचारायच्या.

डोंगरपट्टा:
ताई, पोरींचं बरोबर आहे. माझ्या घरात बहिणीलाच नेलं होतं, तरी लिहिताना ती बाजू आली नाही.

मास्तर, मुख्याध्यापकांशी आज बोललो. मागच्या हंगामात वसतिगृहाच्या यादीत पोरी कमीच होत्या, मोठ्या पोरी तर जवळजवळ नाहीतच. किराणा देऊ, पण त्याआधी दसऱ्याच्या आत घरोघर जावं लागेल. गावात राहिलेल्या तिघीचौघी माजी विद्यार्थिनी तयार आहेत. कमानवाले थोडे रुसलेत, त्यांना यादी करायचं काम दिलंय.

ताई, जमलं तर तूही ये. म्हाताऱ्या तुझं ऐकतील.