मदत हवी आहे: पियानो प्लगइन इन्स्टॉल झालं पण डीएडब्ल्यूमध्ये दिसतच नाही (आणि आणखी तीन भानगडी)

काळीपांढरी

नमस्कार मंडळी,

गेले चार दिवस या व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंटच्या (म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वाजणाऱ्या वाद्यांच्या) प्रकरणात डोकं घातलंय आणि आता ते बाहेर निघेना. जाणकारांनी हात द्यावा.

आधी सामान सांगते म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही. विंडोज ११ चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ४९ पट्ट्यांचा यूएसबी मिडी कीबोर्ड, वेगळा ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) नाही. डीएडब्ल्यू (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) ६४ बिट आहे, त्याचं नाव मुद्दाम देत नाही कारण मागच्या वेळी नाव दिलं तर सगळा धागा "हे सोडा ते वापरा" यातच संपला होता.

आता रडगाणं. एक पियानो प्लगइन (डीएडब्ल्यूच्या आत चालणारं जोड-सॉफ्टवेअर) इन्स्टॉल केलं, डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून उघडलं की मस्त वाजतं, पण डीएडब्ल्यूच्या यादीत त्याचा मागमूस नाही, तीनदा काढून टाकून परत टाकलं तरी तेच. दुसरं म्हणजे एक स्ट्रिंग्जची लायब्ररी फुकट मिळाली म्हणून उतरवून घेतली, तिच्यासाठी सॅम्पलरचा (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) फुकट प्लेअरही टाकला, पण "ॲड लायब्ररी" केलं की म्हणतो इथे लायब्ररीच नाही, आणि फोल्डरमधल्या फाईलवर डबल क्लिक केलं की मात्र मुकाट उघडतो आणि वाजतोही, फक्त पाव तासाने अचानक गप्प होतो. मी घड्याळ लावून बघितलं, प्रत्येक वेळी पाव तासच. तिसरं, त्याच स्ट्रिंग्जमध्ये कीबोर्डच्या डावीकडच्या काही पट्ट्या दाबल्या की आवाजच येत नाही, वर त्यांना हात लागला की पुढचा आवाज बदलतो, भुताटकी वाटते. आणि चौथं, सगळ्यात वैताग आणणारं, पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो. थोडा नाही, चांगला उशिरा. सावकाश चालीचं काही वाजवलं तर चालून जातं, जरा लय वाढवली की माझी बोटं पुढे आणि आवाज मागे.

व्हिडिओ बघून झाले, त्यात सगळ्यांचं पहिल्या फटक्यात चालतं. आगाऊ धन्यवाद.

बेसूर_पण_हौशी

लॅपटॉप बंद करून चालू केला का? (हलके घ्या.) माझंही शेवटचं गाडं इथेच अडलंय, त्यामुळे वाचत बसतोय.

रात्रीचा_मिक्सर

स्टँडअलोन, म्हणजे डीएडब्ल्यूशिवाय एकटं, वाजतंय ना, मग इन्स्टॉलेशन आणि लायसन्स दोन्ही धड आहेत साहेब, फक्त डीएडब्ल्यूला त्याचा पत्ता माहीत नाही. परत परत काढून टाकू नका, त्याने काही होणार नाही.

मुळात प्लगइनचे दोन प्रकार सध्या भेटतात, व्हीएसटी२ आणि व्हीएसटी३. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी हा प्लगइनचा फॉरमॅट आणला, व्हीएसटी३ आलं २००८ मध्ये, आणि २०१८ पासून त्यांनी व्हीएसटी२ ची डेव्हलपर किट देणं बंद केलं, म्हणून नवीन डीएडब्ल्यूंपैकी काही आता फक्त ३ च बघतात. फरक तुमच्या कामाचा असा की व्हीएसटी२ ची डीएलएल फाईल कुठेही पडलेली असू शकते, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने फोल्डर निवडते, आणि तो फोल्डर डीएडब्ल्यूच्या सेटिंगमध्ये आपण हाताने दाखवावा लागतो. व्हीएसटी३ ची जागा ठरलेली आहे: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. तिथे जाऊन बघा तुमचा पियानो आहे का. नसेल तर इन्स्टॉलर परत चालवा आणि "नेक्स्ट नेक्स्ट" न करता कुठले कुठले फॉरमॅट टाकायचे त्या पानावर थांबा, तिथे टिक नसणार अशी माझी पैज.

अजून एक, इन्स्टॉलर ३२ बिटचा तर नाही ना उतरवला? ६४ बिट डीएडब्ल्यूत ३२ बिट प्लगइन सरळ चालत नाही, मध्ये ब्रिज (दोघांना जोडणारं सॉफ्टवेअर) लागतो, आणि तो सगळ्यांकडे नसतो.

बाकीच्या तीन गोष्टींवर रात्री लिहितो, आत्ता कामात आहे.

सहज_सुचलं

एवढी कटकट कशाला, सॅम्पलरचं पूर्ण व्हर्जन क्रॅक केलेलं मिळतं, लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवू का?

रात्रीचा_मिक्सर

नको. नैतिकतेचं प्रवचन देत नाही, अनुभव सांगतो. अशा एका "फुकट" इन्स्टॉलरबरोबर काय आलं होतं ते शोधण्यात माझे दोन रविवार गेले आणि शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं. वर प्रोजेक्ट अर्धा झाल्यावर ते प्लगइन उघडायचंच बंद झालं, कुणाला विचारणार?

काळीपांढरी

@रात्रीचा_मिक्सर, पैज जिंकलात. व्हीएसटी३ समोर टिक नव्हती, फक्त स्टँडअलोन आणि व्हीएसटी२ होतं, आणि व्हीएसटी२ ची डीएलएल त्याने स्वतःच्या कंपनीच्या नावाच्या कुठल्यातरी आडबाजूच्या फोल्डरात नेऊन ठेवली होती. आता टिक करून टाकलं, फाईल बरोबर त्या कॉमन फाइल्सवाल्या जागी दिसतीये, ६४ बिटच आहे. पण डीएडब्ल्यूमध्ये अजूनही नाही! स्कॅन केलं, शून्य.

आणि साहेब नाही, बाई आहे :)

तारवाला

ताई, साधं रीस्कॅन करू नका, आधी कॅश (जुन्या स्कॅनची साठवलेली नोंद) साफ करा. बऱ्याच डीएडब्ल्यूंची सवय अशी की एखादं प्लगइन पहिल्या स्कॅनला उघडलं नाही तर ते नापासांच्या यादीत जातं आणि नंतर कितीही स्कॅन केलं तरी तो त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. टाकल्या टाकल्या, ॲक्टिव्हेशन करायच्या आधीच डीएडब्ल्यू उघडला होता का? तेव्हा लायसन्सची खिडकी मागे कुठेतरी उघडून अडकते आणि स्कॅन फेल होतो. प्लगइनच्या सेटिंगमध्ये "क्लिअर कॅश" किंवा "ब्लॅकलिस्ट" अशा नावाचं काहीतरी असेल, ते रिकामं करून पूर्ण स्कॅन लावा.

काळीपांढरी

दिसलं!!! यादीत नापास म्हणूनच पडलं होतं बिचारं. हो, उत्साहात ॲक्टिव्हेट करायच्या आधीच उघडलं होतं. तारवाला, रात्रीचा_मिक्सर, दोघांना साष्टांग नमस्कार.

एक भानगड संपली, तीन बाकी.

रात्रीचा_मिक्सर

माफ करा ताई, आयडीवरून कळलं नाही.

स्ट्रिंग्जचं. त्या फोल्डरातल्या फाईलचं शेपूट बघा, एनकेआय आहे का?

काळीपांढरी

हो, डॉट एनकेआय. आणि शेजारी सॅम्पल्सचा भलामोठा फोल्डर.

रात्रीचा_मिक्सर

मग ती कोंटॅक्ट या सॅम्पलरची लायब्ररी आहे आणि पाव तासाचं कोडं सुटलं, यात बिघाड काहीच नाही. कोंटॅक्टचे दोन अवतार आहेत, पूर्ण विकतचा आणि फुकटचा प्लेअर. लायब्ररी बनवणाऱ्याने प्लेअरसाठी वेगळं लायसन्स घेतलेलं असलं तरच ती प्लेअरमध्ये पूर्ण वेळ चालते आणि "ॲड लायब्ररी"तही तीच दिसते. ज्यांनी घेतलेलं नाही, आणि छोट्या निर्मात्यांच्या बऱ्याच फुकट लायब्रऱ्या याच गटातल्या, त्या प्लेअरमध्ये १५ मिनिटं डेमो म्हणून वाजतात आणि गप्प होतात. उतरवून घेतलीत त्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असेल की पूर्ण व्हर्जन लागेल. म्हणजे लायब्ररी फुकट, ती वाजवायचं यंत्र विकत.

विकत घ्यायचं नसेल तर त्याच निर्मात्याने एसएफझेड फॉरमॅटमध्ये दिलीये का बघा, ती स्फोर्झांडो नावाच्या फुकट प्लेअरमध्ये चालते, १५ मिनिटांची अट नाही. नाहीतर सरळ दुसऱ्या फुकट स्ट्रिंग्ज घ्या ज्यांचा स्वतःचा प्लेअर असतो, स्पिटफायर कंपनीच्या लॅब्स या फुकट संग्रहात बऱ्यापैकी मऊ आवाज आहेत.

फोल्डर हलवताना एक सांभाळा, एनकेआय एकीकडे आणि सॅम्पल्स दुसरीकडे असं करू नका. ती फाईल फक्त नकाशा असते, खरे आवाज त्या भल्यामोठ्या फोल्डरात. जोडी तुटली की "सॅम्पल्स मिसिंग"ची खिडकी येते आणि मग शोधत बसा.

तारवाला

भुताटकीवर मी. त्या पट्ट्यांना कीस्विच म्हणतात. स्ट्रिंग्जच्या रेंजच्या खाली ज्या पट्ट्या रिकाम्या राहतात त्यांच्यावर आवाजाची शैली बदलायची बटणं लावून ठेवलेली असतात, एक दाबली की लांब बो, दुसरी दाबली की तुटक, तिसरी दाबली की बोटांनी छेडलेलं. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर बघा, वाजणाऱ्या पट्ट्या एका रंगात आणि कीस्विच दुसऱ्या रंगात असतील, बहुतेक वेळा निळ्या आणि लाल.

आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेली पट्टी सापडली नाही तर स्वतःला दोष देऊ नका, मधल्या सी ला कुणी सी३ म्हणतं, कुणी सी४. मिडीच्या भाषेत तो नंबर ६०, त्यावर कुणाचा वाद नाही. त्यामुळे मॅन्युअलमधला सी० तुमच्या स्क्रीनवर सी१ निघू शकतो. ४९ पट्ट्यांवर कीस्विच तुमच्या हाताखाली आले म्हणजे ऑक्टेव्हचं बटण खाली गेलेलं असेल, ते एक वर घ्या, त्रास कमी होईल.

काळीपांढरी

लाल आणि निळ्या, अगदी! इतके दिवस मी त्या लाल पट्ट्यांना खराब समजत होते, कीबोर्ड परत करायच्या बेतात होते.

आता राहिला उशीर. बफर (वाजायच्या आधी आवाजाचा जेवढा तुकडा साठवला जातो तो) कमी करा असं सगळीकडे लिहिलंय, म्हणून १०२४ वरून २५६ वर आणला, फरक पडला पण अजून वाजवण्यासारखं नाही. शिवाय आता अधूनमधून फटफट आवाज येतो.

रात्रीचा_मिक्सर

हिशोब करून बघू. बफर भागिले सॅम्पल रेट (एका सेकंदात आवाजाचे किती ठिपके मोजले जातात तो आकडा). ४४१०० वर १०२४ म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, २५६ म्हणजे ५.८. हवेत आवाज एका मिलिसेकंदात जवळपास ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ५.८ मिलिसेकंद म्हटलं तर स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्यासारखं. एवढ्यावर कुणाचीही बोटं अडखळत नाहीत. तेव्हा उरलेला उशीर दुसरीकडून येतोय. ड्रायव्हर कुठला निवडलाय? विंडोजचा नेहमीचा असेल तर तो स्वतःचा बफर वर लावतो. एएसआयओ४ऑल नावाचा ड्रायव्हर टाका आणि तो निवडून बघा, इंटरफेस नसलेल्यांसाठी तोच आधार.

फटफटीचं कारण वेगळं. सॅम्पल्स कुठल्या डिस्कवर आहेत?

काळीपांढरी

बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जुनी फिरती आहे.

एएसआयओ४ऑल टाकलं. त्याच्या यादीत लॅपटॉपचे स्पीकर दिसतात पण माझे हेडफोन दिसतच नाहीत. आणि तो चालू असताना ब्राउझरचा आवाज पण गेला, तुमचंच ऐकून एक व्हिडिओ लावला होता तो मुका झाला.

तारवाला

ब्राउझर मुका होणारच, तो ड्रायव्हर साउंड कार्ड एकट्यासाठी ताब्यात घेतो, डीएडब्ल्यू बंद केला की परत येईल.

पण थांबा. हेडफोन दिसत नाहीत म्हणजे? वायरचे आहेत की ब्लूटूथ?

काळीपांढरी

...ब्लूटूथ.

रात्रीचा_मिक्सर

मी दोन मीटरचा हिशोब मांडत बसलो आणि इथे आवाज हेडफोनमध्येच अडकलेला. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून पाठवायचा, तिकडे उलगडायचा, साठवायचा, यात सहज १०० ते २०० मिलिसेकंद जातात, कधी त्याहून जास्त. सिनेमा बघताना कळत नाही कारण प्लेअर चित्र मागे खेचून जुळवून घेतो. तुमच्या बोटांना कोण मागे खेचणार? यात बफर, ड्रायव्हर, प्लगइन कुणाचाही दोष नाही आणि कुठल्याही सेटिंगने हे जाणार नाही. वायरचा कुठलाही साधा हेडफोन लावा.

फटफटीसाठी सॅम्पल्स लॅपटॉपच्या एसएसडीवर आणा, प्लेअर वाजवता वाजवता डिस्कवरून वाचत असतो आणि फिरती डिस्क तेवढी धावत नाही. ८ जीबीत बसवायचं असेल तर लायब्ररीत दोन तीन माईक पोझिशन (जवळच्या, लांबच्या माईकने घेतलेले तेच आवाज) असतील त्यातली एकच चालू ठेवा. वाजवताना बफर २५६, मिक्स करताना परत १०२४, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही.

बेसूर_पण_हौशी

मी पण ब्लूटूथच वापरतोय. काही बोलत नाही.

काळीपांढरी

अपडेट: मोबाईलबरोबर आलेला जुना वायरचा हेडफोन ड्रॉवरमध्ये सापडला, डाव्या कानात आवाज जरा कमी येतो, पण पट्टी दाबली की आवाज लगेच!! पियानोवर तासभर वाजवत बसले. स्ट्रिंग्जचं एसएफझेड मिळालं नाही म्हणून लॅब्स टाकतीये. फटफट एसएसडीवर आणल्यावर जवळपास गेली, सगळे माईक चालू केले तरच येते.

धागा बंद करायच्या आधी एक शेवटचं, आजच सस्टेन पेडल जोडलं तर ते उलटं चालतंय. दाबलं की सूर तुटतात, सोडलं की लांबतच राहतात. याचं पण सेटिंग कुठे आहे का?

तारवाला

बऱ्याच कीबोर्डना पेडलची उलटसुलट बाजू चालू होतानाच कळते. कीबोर्ड बंद करा, पेडल जोडलेलं राहू द्या, आणि त्यावर पाय न ठेवता चालू करा.

काळीपांढरी

पाय ठेवूनच बसले होते.