वकिलाची फी आणि ६० दिवसांची मुदत

डिसॅबिलिटीच्या केससाठी 'वकील केला तर निम्मे पैसे तोच नेईल' असं लोक म्हणतात. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीत (आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्यांना दरमहा पैसे देणारी सरकारी योजना) तसं होत नाही. नेहमीच्या फी-करारात केस जिंकली तरच फी, तीही फक्त थकबाकीतून, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या मागच्या महिन्यांच्या साचलेल्या पैशातून: २५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम (२०२४ च्या अखेरीस ती ९,२०० डॉलर झाली), यातलं जे कमी असेल ते. थकबाकी २०,००० डॉलर निघाली तर फी ५,०००. पुढे दरमहा येणाऱ्या रकमेला हात लागत नाही. करार सोशल सिक्युरिटीच मंजूर करते. मेडिकल रेकॉर्ड मागवण्याचा खर्च मात्र वेगळा लावतात, सही करण्याआधी विचारून घ्या. आणि हो, तुमच्या वतीने केस लढणारा प्रतिनिधी वकीलच हवा असंही नाही.

माझ्या मते खरं नुकसान फीमुळे नाही, मुदतीमुळे होतं. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करावं लागतं. पत्र त्यावरच्या तारखेनंतर ५ दिवसांनी मिळालं असं धरतात. बरेच जण वैतागून अपील सोडतात आणि नवा अर्ज भरतात. मग जुन्या अर्जाची तारीख जाते आणि तिच्याबरोबर थकबाकीचे महिनेही जाऊ शकतात. पहिले दोन्ही निर्णय (अर्जावरचा आणि पहिल्या अपिलावरचा) बहुतेक राज्यांत फाईल बघूनच होतात, जज समोर येतो तो त्यानंतर. म्हणून फाईलमध्ये 'पेशंट काम करू शकत नाही' एवढं एका ओळीचं पत्र घालून भागत नाही. किती वेळ बसता येतं, किती वजन उचलता येतं, महिन्यातले किती दिवस अंथरुणात जातात, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.