कॉमिक्स घेताना हात खिशाकडे नेमका कशामुळे गेला?

कॉमिक्स वाचणे ही एक गोष्ट आहे आणि ते विकत घेणे ही दुसरी. कुणाकडून मागून आणलेले, वाचनालयातून आलेले किंवा पडद्यावर दिसलेले कॉमिक्स आपण सहज वाचून बाजूला ठेवतो. पैसे मात्र त्यातल्या एखाद्याच अंकासाठी मोजतो. या धाग्यात त्या एखाद्या अंकाविषयीचे अनुभव हवे आहेत. ‘आवडले म्हणून घेतले’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण घेण्याच्या क्षणी आपण ते बहुधा वाचलेलेच नसते. मग त्या क्षणी आपल्यासमोर काय होते, हे आठवून लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी बराच काळ केवळ मुखपृष्ठ पाहून कॉमिक्स घेत असे, आणि तेही ज्या मुखपृष्ठावर काहीतरी अशक्य घडताना दिसेल तेच. नायक स्वतःच्याच मित्रावर हात उगारतो आहे किंवा स्वतःच्या थडग्यासमोर उभा आहे, असे चित्र दिसले की हे कसे झाले असेल हा प्रश्न मला तिथून हलू देत नसे. आत बहुतेक वेळा ते स्वप्न निघे, किंवा तोतया तरी. पुढे कळले की हा योगायोग नव्हता. डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा आधी चक्रावून टाकणारे मुखपृष्ठ ठरवत आणि मग त्या चित्राला साजेशी कथा लेखकाकडून लिहून घेत. 1951 मध्ये त्यांच्याच एका मासिकाच्या मुखपृष्ठावर गोरिला झळकला, तो अंक चांगला खपला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे वेगवेगळ्या मालिकांच्या मुखपृष्ठांवर काही ना काही निमित्ताने गोरिला अवतरत राहिले. म्हणजे मला पडणारा प्रश्न हाच मुळी विक्रीचा माल होता. हे समजल्यावरही माझी सवय सुटली नाही, एवढे कबूल करतो.

*

वरील अनुभवाशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण मुखपृष्ठाने माझी एकदाच फसगत झाली आणि तेवढी मला पुरली. मी चित्रकला शिकवते. मुखपृष्ठ एका चित्रकाराचे आणि आतली पाने दुसऱ्याची, ही कॉमिक्समधली नेहमीची पद्धत आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हापासून मी अंक हातात घेतला की सरळ मधले एखादे पान उघडते, आणि तेही मारामारीचे नव्हे, तर दोन माणसे नुसती बोलत बसली आहेत असे. मारामारी बऱ्याच जणांना काढता येते. परंतु सहा चौकटींत केवळ संभाषण असताना ज्याची पात्रे प्रत्येक चौकटीत वेगळ्या रीतीने बसतात, हात कुठे ठेवावेत हे ज्यांना सुचत नाही असे दिसतात, आणि संवादफुगा वाचण्याआधीच कोण खोटे बोलते आहे हे ज्याच्या रेषेतून कळते, त्या चित्रकाराचा अंक मी कथा न पाहता घेते.

ही काही माझ्यासारख्या शिक्षकांचीच खोड नाही. कार्ल बार्क्स 1942 पासून दोन दशकांहून अधिक काळ डोनाल्ड डकच्या कथा काढत होते, पण अंकांवर त्यांचे नाव नसे. तरीही मुलांनी त्यांची चित्रे बरोबर ओळखली होती. नाव माहीत नसल्यामुळे ती त्यांना ‘चांगला बदकवाला चित्रकार’ म्हणत आणि त्याचेच अंक निवडून घेत. त्यांचे खरे नाव चाहत्यांना 1960 च्या सुमारास कळले. नाव, जाहिरात, परीक्षण यांपैकी काहीही हाताशी नसताना एखाद्या मुलाने रेषेच्या वळणावरून अंक निवडावा, याहून शुद्ध निवड मला माहीत नाही. (चित्रकारापायी मी काही अत्यंत सुमार कथाही घरात आणल्या आहेत, त्या मी वाचत नाही, पाहते.)

*

माझे कारण कमी अभिमानास्पद आहे: मला क्रमांकांमधली रिकामी जागा सहन होत नाही. चौदावा आणि सोळावा अंक असताना पंधरावा नसणे हे मला दात पडल्यासारखे वाटते, आणि तो पंधरावा अंक कंटाळवाणा आहे हे आधी कळले तरी मी तो घेतोच. यात वाचनाची ओढ किती आणि मांडणीची किती, हे मलाही सांगता येणार नाही.

ही ओढ ओळखणारे लोक अर्थातच होते. 1991 मध्ये मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ या महानायकांच्या चमूची नवी मालिका सुरू झाली तेव्हा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला. त्यांतली चार एकमेकांना जोडली की एक मोठे चित्र पूर्ण होत असे आणि पाचव्यावर ते सलग छापलेले होते. त्या अंकाच्या 80 लाखांहून अधिक प्रती दुकानांनी उचलल्या. पुढच्या वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून आला, सोबत शोकाची काळी पट्टीही होती, आणि अनेकांनी एक प्रत वाचायला व एक न उघडता ठेवायला अशी खरेदी केली. त्या लाटेत मीही दुसऱ्या एका मालिकेच्या दोन-दोन प्रती घेतल्या, एकेक प्रत पिशवीत ठेवली आणि पुढे त्यांचे मोल वाढेल या भरवशावर बसलो. साधा हिशेब मला सुचला नाही. 1938 च्या ज्या अंकातून सुपरमॅन प्रथम आला तो आज दुर्मीळ आहे, कारण तेव्हाच्या मुलांनी तो वाचून फाडला, टाकला, युद्धकाळात रद्दीत दिला. जे लाखो लोकांनी जपून ठेवले ते दुर्मीळ होणार कसे? बाजार बसायला फार वर्षे लागली नाहीत, आणि 1996 च्या अखेरीस मार्व्हलसारख्या प्रकाशनसंस्थेलाही दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. माझ्या पिशव्या अजून तशाच आहेत. त्यांतली कथा कशी आहे हे मला माहीत आहे. दुसरी प्रत वाचली होती. ती बरी नव्हती.

*

मी कॉमिक्स माझ्यासाठी घेत नाही, मुलीसाठी घेते, त्यामुळे निवडणारी वेगळी आणि पैसे देणारी वेगळी असा आमचा प्रकार आहे. नुसत्या मजकुराचे पान पाहिले की ती पुस्तक मिटत असे. कॉमिक्समध्ये एखादा शब्द अडला तरी चित्र तिला पुढे नेते, आणि परत मागे येऊन तो शब्द ती स्वतःच लावते, हे मी शेजारी बसून पाहिले आहे. म्हणून तिने काय निवडावे यात मी पडत नाही. पैसे देण्यापूर्वी पाने तेवढी चाळते. मुलांच्या हाती नको ते पडेल, या पालकांच्या धास्तीवर अमेरिकेत 1954 मध्ये कॉमिक्स कोडचा तोडगा निघाला होता. नियमांत बसणाऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर मान्यतेचा शिक्का असे, आणि तो पाहून पालक निर्धास्तपणे अंक घेऊन देत. तो शिक्का 2011 मध्ये पूर्णपणे नाहीसा झाला. मला त्याची उणीव भासत नाही, कारण शिक्का पाहणारा पालक पान उघडत नाही.

*

मी आयुष्यात दोनच चित्रकथा विकत घेतल्या आहेत, आणि पहिली घेताना ते कॉमिक्स आहे हे मी स्वतःशी मान्य केले नव्हते. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला 1992 मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला होता, त्यात ज्यू उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात दाखवले आहेत, एवढे ऐकून मी ते पुस्तक घेतले. ‘ग्राफिक नॉव्हेल’ या शब्दाने माझ्यासारख्या माणसाला मोठी सोय करून दिली आहे. जाड बांधणी, पुरस्काराचा उल्लेख आणि हा शब्द एकत्र आले की पन्नाशीतला गृहस्थही ते पुस्तक न लपवता घेऊन जाऊ शकतो. पुरस्कारामुळे घेतले, हे खरे. मात्र त्यात लेखकाचे वडील जुनी हकिगत सांगता सांगता मुलाशी क्षुल्लक कारणावरून वाद घालतात, ती पाने वाचल्यावर दुसरे पुस्तक मी कोणत्याही पुरस्काराशिवाय शोधून घेतले.

*

मी आधी पडद्यावर वाचतो आणि नंतर विकत घेतो. हा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो. जे एकदा वाचून पुरते, ते मी घेत नाही.

*

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा असतो, म्हणून लिहिते. तिथे आपण एक पुस्तक निवडत नाही, तर वीस, चाळीस, कधी सत्तर खंडांची सोबत निवडतो. पहिला खंड घेताना माझा हात सर्वांत जास्त अडखळतो आणि पंधरावा घेताना मुळीच नाही. त्यातच साप्ताहिकात चालणारी मालिका वाचकांच्या पसंतीवर तगते. 1968 मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जम्प’ या मांगा-नियतकालिकाने अंकासोबतच्या पत्रावर वाचकांकडून आवडत्या मालिका मागवण्याची पद्धत रुजवली, आणि ज्यांना पुरेशी मते पडत नाहीत अशा मालिका लवकर गुंडाळल्या जातात. अशी एक अर्धवट गुंडाळलेली मालिका माझ्या कपाटात आहे. शेवटच्या तीस पानांत लेखकाने सगळे धागे घाईघाईने बांधले आहेत, आणि ती घाई वाचताना कळते. त्यानंतर मी ठरवले की पूर्ण झालेलीच मालिका घ्यायची. हा नियम मी आजवर तीनदा मोडला आहे. पण सगळ्यांनीच हा नियम पाळला तर कोणतीही मालिका पूर्ण होईपर्यंत जगणारच नाही, ही अडचणही मला दिसते.

*

मी काही वर्षे कॉमिक्सच्या दुकानात काम केले आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. वर अनेकांनी ‘मी निवडले’ असे लिहिले आहे. त्या निवडीचा मोठा भाग तुम्ही दुकानात येण्याआधीच झालेला असतो. पूर्वी वृत्तपत्रविक्रेते न खपलेले अंक परत करू शकत. 1970 च्या दशकात अमेरिकेत फिल स्यूलिंग यांनी कॉमिक्सच्या दुकानांना प्रकाशकांकडून थेट, जास्त सवलतीत, पण परत न करण्याच्या अटीवर माल मिळण्याची व्यवस्था सुरू केली. या पद्धतीत दुकानदाराला अंक छापला जाण्याच्या कितीतरी आधी मागणी नोंदवावी लागते, आणि उरलेला प्रत्येक अंक त्याच्याच गळ्यात पडतो. म्हणून तो ओळखीचे नायक भरपूर मागवतो आणि अनोळखी लेखकाच्या एक-दोनच प्रती. जे मांडणीवर नाही ते तुम्ही नाकारलेले नसते. ते तुम्हाला दिसलेलेच नसते.

दुसरी गोष्ट पहिल्या अंकाची. ‘आता मधूनच कुठे सुरू करू’ ही नव्या वाचकाची भीती फार खरी आहे. सत्तर वर्षांची कथा मागे असलेल्या नायकाचा पाचशे बारावा अंक तो उचलतो आणि खाली ठेवतो. क्रमांक एक लिहिलेला अंक मात्र घेतो. प्रकाशक म्हणूनच मालिका बंद करून पुन्हा एकपासून सुरू करतात, आणि मग वर ज्यांनी पंधराव्या अंकाबद्दल लिहिले आहे तसे जुने ग्राहक माझ्यासमोर उभे राहून ‘आता हे कपाटात कुठे लावू?’ असे विचारत. त्यांना उत्तर देणे माझ्या पगारात बसत नव्हते.

*

दुकानातल्या अनुभवावरून आठवले ते लिहितो. लहानपणी माझ्याकडे एक अंक होता, ज्याची शेवटची चार पाने आधीच्या कुणीतरी फाडलेली होती. नायक पाण्याखाली अडकलेला आहे, इथे माझी प्रत संपत असे. तो कसा सुटला असेल याची मी निरनिराळी कितीतरी उत्तरे रचली आणि भावाला ती खरी म्हणून सांगितली. नोकरी लागल्यावर मी तोच अंक, तेच मुखपृष्ठ, पुष्कळ शोधून विकत घेतला. एखाद्या कॉमिक्ससाठी मी मोजलेली ही सर्वांत मोठी रक्कम असावी. त्या चार पानांत नायकाच्या पट्ट्यात एक लहान श्वसनयंत्र निघते आणि तो पोहत वर येतो. भावाला मी हे अजून सांगितलेले नाही. शेवटच्या चौकटीत नायक किनाऱ्यावर उभा असतो, मागून कुणाची तरी सावली त्याच्यावर पडलेली असते, आणि खाली ‘पुढील अंकात’ असे छापलेले आहे. तो अंक मी सध्या शोधतो आहे.